देशाचा रकाना

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

वर्ष संपायला तीन महिने उरलेले असताना डायरी भेट देणारा कंत्राटदार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बहुतेक गोडाउनमध्ये पडून राहिल्या असणार. पण कागद एकदम झकास, शाई फुटत नाही, आणि चांगला कागद कोरा टाकून देणं माझ्याच्याने होत नाही. मोनाली म्हणाली, "बाबा, यू शुड जर्नल." म्हणजे काय ते राजश्रीने समजावून सांगितलं : जी कटकट रोज घरी आल्यावर करता ती त्यात करा, आम्हाला सुखाने जेवू द्या.

तर करतो. मी हरिदास, कतारमधल्या रास लफानच्या एका साइटवर डॉक्युमेंट कंट्रोलर, एकोणीस वर्षं. नाशिकच्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी तिकडे झेरॉक्स काढतो. बाबांनो, गॅसच्या प्लांटमध्ये एक पाइप हलवायचा तरी नकाशा बदलावा लागतो, आणि कुठला नकाशा आजचा, कुठला कालचा हे माझं टेबल सांगतं. नवा आला की जुन्यावर 'रद्द' मारायचं आणि कपाटात ठेवायचं. फाडायचं नाही. दहा वर्षं काहीच फाडायचं नाही. आणि ज्याचा कागद, बदल त्याच्याच सहीशिक्क्याने.

२०१६ साली एका कंत्राटदाराने आमच्या इंजिनियरचा शिक्का बाहेर परस्पर बनवून घेतला आणि आपल्याच नकाशांवर मंजुरी मारून पाठवली. शिक्क्याची कड जरा जाड होती. मी पकडलं. त्याच वर्षी मी प्रोसिजरमध्ये कलम घातलं, सात पूर्णांक चार : मूळ धन्याच्या सहीशिवाय झालेला बदल रद्द, आधीची आवृत्ती लागू. अजून शब्द न शब्द तसंच आहे. राजश्रीने ही गोष्ट शंभरदा ऐकली आहे, म्हणून इथे लिहितोय. कागद जांभई देत नाही.

लिहिणार परतीच्या बसमध्ये, राहिलंच तर रात्री घरी. दोह्यात बिन महमूदला, म्हणजे घरी, पोचायला सव्वा तास लागतो. मध्ये उम्म सलाल मोहम्मद या गावी बस दहा मिनिटं थांबते, तेवढंच अक्षर सुवाच्य येईल.

आजची कटकट : कंपनी नवी सिस्टिम आणते आहे. अकराशे चाळीस माणसांची माहिती जुन्यातून नव्यात न्यायची, १४ नोव्हेंबरच्या आत. त्यावरून नवे गेट पास छापणार. एचआरच्या नबीला मॅडमनी हे काम मला दिलं. माझं काम चोख असतं म्हणाल्या. म्हणजे दुसरं कुणी तयार झालं नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दोनशे बारा झाले. जुन्या सिस्टिममध्ये देशाच्या रकान्यात ज्याने त्याने मनाला येईल ते टाइप केलं आहे. एकाने 'केरळ' लिहिलंय. एकाने 'भावाचा आहे तोच'. हसून हसून पुरेवाट. नव्यात ही मौज नाही. एकशे सत्त्याण्णव नावांची यादी आहे, त्यातलं निवडायचं. रकाना मोकळा ठेवला तर लाल चांदणी येते आणि पान पुढे सरकत नाही.

एका माणसाचा देश यादीत नाही. जामयांग. देश : तिबेट.

९ ऑक्टोबर, बुधवार

जामयांगला मी सात वर्षं ओळखतो. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, प्रेशर गेज तपासतो. पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याच्याशी हिंदीत बोललो. हा आपला म्हणतो, "मराठीत बोला नं जी. मी गोठणगावचा हाय." गोंदिया जिल्हा, तालुका अर्जुनी मोरगाव. तिथे तिबेटी लोकांची वसाहत आहे हे मला, महाराष्ट्रात जन्मलेल्या-वाढलेल्या माणसाला, कतारमध्ये कळलं. धानाची शेती करतात. हा गोंदियाला आयटीआय झाला. 'काहून', 'मले', 'तुमाले' असं अस्सल झाडीचं बोलतो. चेहऱ्याकडे न बघता ऐकलं तर कुणीही फसेल.

हिवाळ्यात स्वेटर विकायला याची आई अकोल्याला जायची. नाशकातही अशीच माणसं फुटपाथवर रांगेने बसायची. माझा शाळेतला निळा स्वेटर तिथलाच. आम्ही त्यांना नेपाळी म्हणायचो. कुणी नेपाळी म्हटलं की त्या बायका नुसत्या हसायच्या. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्याच्याकडे भारताचा पासपोर्ट नाही. भारत सरकारने दिलेलं पिवळं पुस्तक आहे, निर्वासितांचं. त्यावरच फिरतो. व्हिसाबिसाचं खातं आमचं नाही, ते वरचे बघतात. माझा संबंध फक्त कंपनीच्या रेकॉर्डशी आणि गेटच्या पासशी.

२० ऑक्टोबर, रविवार

आठशे झाले. डोळे गेले कामातून.

जेवायच्या सुट्टीत जामयांगला गाठलं. यादी दाखवली. त्याने वरपासून खालपर्यंत बोट फिरवत सगळी नावं वाचली, अगदी सावकाश, जणू चुकून राहिलं असेल. मग म्हणाला, "मोकळं सोडा नं भाऊ."

"मोकळं सोडता येत नाही. लाल चांदणी येते."

"मंग येऊ द्या चांदणी."

"चांदणी आली तर पास नाही. पास नाही तर गेट नाही. दहा दिवस गेटमधून आत आला नाहीस तर काँट्रॅक्ट आपोआप बंद. हे मी नाही सांगत, सिस्टिम सांगते."

मी त्याला सरळ मार्ग सुचवला. तो १९८४ सालचा, जन्म भारतातला. कायद्याने भारताचा पासपोर्ट मागू शकतो, कोर्टाने तसे निकालही दिले आहेत. त्याच्या धाकट्या भावाने घेतला आहे. मी म्हटलं, तू का नाही घेत?

"भावानं घेतला, चांगलं केलं. मायलाही राग नाही आला. पण मले नाही घ्यावासा वाटत. भारतानं आमाले ठेवलं, जमीन देली, शाळा देली, त्याचे उपकारच हायेत. पण देश हाय जी मले. ताब्यात नाही, एवढंच."

"बिनदेशी असाही एक पर्याय आहे यादीत. तो टाकू?"

"तो तर खोटाच झाला."

माणूस गोड आहे पण हट्टी किती असावं! मुलगी बंगळुरूला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आई अठ्ठ्याहत्तरची, घरात मिळवता हा एकटा. आणि हा एका रकान्यासाठी अडून बसला आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. आजोबांचा कागद. आजोबा खेचरांवर लोकर लादून तिबेटातल्या फारीहून कालिम्पोंगला न्यायचे. त्या वेळच्या ल्हासाच्या सरकारने दिलेलं प्रवासाचं पत्र : हा माणूस आमचा, याला वाटेत अडवू नये, खेचरांना चारा द्यावा. मूळ कागद आईने गोठणगावच्या घरात प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावला आहे.

मी सवयीने तपासला. कागद देणारं खातं आहे. साल आहे, आपल्या हिशोबाने १९४८. शिक्का लाल, चौकोनी, कडा सारख्या. नाव आहे, काम आहे, मार्ग आहे. डॉक्युमेंट म्हणून बोट ठेवायला जागा नाही. आमच्या निम्म्या कंत्राटदारांना असा कागद जमत नाही. हे मी त्याला बोलून दाखवलं तेव्हा खूश झाला.

पण मीही गप्प बसणाऱ्यातला नाही. म्हटलं, जामयांग, आज जगातला एकही देश तुमचं वेगळं राज्य मानत नाही. भारतसुद्धा चीनचा भाग म्हणतो. चीन तर म्हणतो सातशे वर्षांपासून आमचंच. आणि तुमचे दलाई लामा स्वतः आता स्वातंत्र्य मागत नाहीत, स्वायत्तता मागतात. मग तुझं काय राहिलं?

त्याला राग आला नाही. गेज तपासताना जसा काटा स्थिर व्हायची वाट बघतो तसा थोडा थांबला. मग एकेक सांगत गेला. १९१३ मध्ये तेराव्या दलाई लामांनी जाहीर केलं की आम्ही आमचे. पुढच्या वर्षी सिमल्याला इंग्रज, चीन आणि तिबेट एका टेबलाशी बसले, तिघांना तीन खुर्च्या. स्वतःच्या नोटा, तिकिटं, फौज. १९४७-४८ मध्ये व्यापारी मंडळ तिबेटच्या पासपोर्टवर अमेरिकेला आणि विलायतेला जाऊन आलं, पासपोर्टवर त्या देशांचे शिक्के आहेत.

"आता आमी काय मागतो ते येगळं, भाऊ. मागनारा माणूस कमीच मागते. पण होतो काय, ते येगळं. जे होतो ते कसं बदलन?"

बाकी मला पटलं असं नाही. इतिहासात प्रत्येकाचा आपला वकील असतो. पण शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं म्हणून लिहिलं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

काम फत्ते! अकराशे एकोणचाळीस झाले आणि एकच अडला होता, तोही आज मार्गी लावला. यादीत 'चीन' निवडलं. त्याचं पिवळं पुस्तक तसंच आहे, सरकारी कागद तसाच आहे, हा फक्त कंपनीच्या आतला रकाना. कोण बघतं? खाली एक चौकोन असतो, 'कर्मचाऱ्याने माहिती तपासून मान्य केली', त्यात टिक केली. आणि जुन्या नोंदीवर, जिथे तिबेट होतं, 'रद्द' मारलं. त्याची नोकरी वाचली, माझं टेबल मोकळं झालं. त्याला सांगितलं असतं तर त्याने वाद घातला असता आणि स्वतःचं नुकसान करून घेतलं असतं. काही माणसांचं भलं त्यांना न विचारताच करावं लागतं.

घरी फुशारकी मारली. राजश्रीने पोळी वाढता वाढता "बरं झालं बाई" म्हटलं. मोनालीने मोबाइलमधून मान वर केली.

"बट डिड ही से यस?"

म्हटलं, मराठीत विचार.

"तो हो म्हणाला का?"

म्हटलं, तुझा अभ्यास झाला का?

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज असून साइटवर. राजश्रीने चिवडा आणि शंकरपाळे दिले होते, जामयांगला डबाभर दिले. "वैनीले सांगा, चिवडा एक नंबर हाय," म्हणाला. आईशी व्हिडिओ कॉल लावून दिला. म्हातारी दातांशिवाय हसते. मला मराठीतून म्हणाली, "आमच्या पोरावर ध्यान ठेवा जी." मी म्हटलं, ठेवलंय.

रकान्याचा विषय त्याने काढला नाही. त्याला वाटतंय चांदणी अजून तशीच आहे आणि मी काहीतरी खटपट करतोय. कळेल तेव्हा हसेल.

१० नोव्हेंबर, रविवार

पास छापून आले. सगळा दिवस वाटप.

नव्या पासावर फोटो, नाव, नंबर आणि उजव्या कोपऱ्यात त्या त्या देशाचा झेंडा. रंगीत. अपघात झाला तर रुग्णवाहिकेच्या माणसाला कळावं की याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं, म्हणून म्हणे. ही कल्पना मला कुणी सांगितली नव्हती. सांगायला हवी होती.

जामयांग तीनच्या सुमाराला आला. मी पाकीट त्याच्या हातात दिलं आणि मुद्दाम दुसऱ्याशी बोलायला लागलो. डोळ्याच्या कडेने दिसत होतं. त्याने पास काढला, बघितला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग पाकिटात घालून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

झेंडा एक सेंटिमीटरचा आहे. मी पट्टीने मोजला.

११ नोव्हेंबर, सोमवार

जुने पास आजपासून बंद. जामयांग बसमधून आला, गेटपाशी उतरला आणि आत आला नाही. तिथे बाकडं आहे, त्यावर बसून राहिला. परतताना बसमध्ये चढला, पुढे बसला. उम्म सलालला बस थांबली तेव्हा मी उठून त्याच्याकडे गेलो. म्हटलं, अरे, त्यावर चिकटपट्टी लाव, कोण बघतंय?

"मले माहीत राहते नं, खाली काय हाय ते."

दहा दिवसांतला एक गेला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आजही बाकड्यावर. जेवायच्या सुट्टीत गेटबाहेर गेलो, डबा नेला. त्याने घेतला नाही. म्हणाला, "एक सांगा भाऊ. तो पास माझ्या मान्यतेशिवाय छापत नाही म्हनते. मंग माझी सही कोठी हाय?"

मी म्हटलं, सही नाही, टिक असते.

"कोनं केली?"

मी केली, म्हटलं. तुझ्या भल्यासाठी.

त्याने गेटमधून आत जाणाऱ्या गाड्यांकडे तोंड वळवलं. मग शांतपणे बोलला. आवाज चढवला असता तर मी पण चढवला असता.

"एक्कावनमध्ये बीजिंगमध्ये करार झाला, सतरा कलमांचा. तिबेट चीनमधी आला, असं त्यात लिवलं हाय. आमची पाच मानसं गेली होती बोलणी करायले. सरकारचा शिक्का त्यांनी लावला नाही, ल्हासाले इचारल्याबिगर सही करायचा अधिकार त्याईले नव्हता. मंग तिथंच शिक्के बनवले आन् लावले. आमाले रेडिओवर कळलं. आमच्या भल्यासाठीच होतं ते बी. तुमी मले त्या शिक्क्याची गोष्ट किती येळा सांगितली, हरिदासभाऊ. कड जाड होती म्हनून पकडला म्हने. मी दरवेळी मनात म्हनलो, या मानसाले समजन आमचं."

डबा तसाच परत आणला. आता बस चालू आहे आणि अक्षर वाकडंतिकडं येतंय, आज थांब्यावरही तसंच आलं असतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

शहानिशा केली, कुणी सांगितलं म्हणून मान्य करणं माझ्या धंद्यात बसत नाही. मिळेल ते वाचलं. चिनी बाजू म्हणते, शिक्के त्या पाच जणांच्या संमतीने बनवले. तिबेटी बाजू म्हणते, दमदाटीने. दलाई लामांनी १९५९ मध्ये देशाबाहेर आल्यावर तो करार नाकारला. कोण खरं, कोण खोटं, ते इतिहासवाले बघतील. पण शिक्के तिथेच बनले, ही गोष्ट दोन्हीकडे दिसते. माझ्या टेबलावर तो कागद आला असता तर मी काय केलं असतं? पहिली गोष्ट, ल्हासाला फोन केला असता, की बाबांनो, हा तुमचाच शिक्का का?

जामयांगला मी फोन केला नव्हता. तो तीनशे मीटरवर काम करत होता.

रात्रीच्या जेवणाला दोघींना सगळं सांगितलं. इलाज एकच आहे, कलम सात पूर्णांक चार. चूक झाल्याचा रिपोर्ट काढायचा. तो दाखल झाला की बदल आपोआप रद्द आणि आधीची आवृत्ती लागू, म्हणजे त्याचा जुना पास पुन्हा चालू. पण रिपोर्टात लिहावं लागतं चूक कुणी केली. दुसऱ्याच्या नावाने मान्यता देणं म्हणजे नोकरी जाण्याचा गुन्हा. हेही मीच प्रोसिजरमध्ये लिहिलेलं.

राजश्री घाबरली. तिने लपवलं नाही. "पोरीचं बारावीचं वर्ष आहे हो. मधेच उठून नाशिकला कुठे जायचं? सिस्टिमची चूक म्हणून घाला ना, कोण बघायला येतंय?"

हेच वाक्य मी तीन आठवडे म्हणत होतो. तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा अंगावर आलं. मीही घाबरलोय. कारणाच्या यादीत 'सिस्टिमची चूक' असा पर्याय खरंच आहे. एक टिक.

मोनाली भांडी घासायला आईबरोबर उठली, जे ती कधी करत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सव्वासहाला रिपोर्ट भरला. हा फॉर्म मी २०११ साली तयार केला, अजून कागदी आहे, हाताने भरायचा. चूक काय : कर्मचाऱ्याच्या मान्यतेशिवाय देशाचा रकाना बदलला. कुणी केली : हरिदास. कुणी पकडली : तिथे जामयांगचं नाव लिहिलं. कारण : विचारलं नाही.

'विचारलं नाही' असा पर्याय यादीत नाही, म्हणून बाजूला हाताने लिहिला.

नबीला मॅडमनी दोनदा वाचला. चष्मा काढला. "हरिदासभाई, ये आपने किया? आपने?" मी म्हटलं, हो मॅडम. म्हणाल्या, आज शेवटची तारीख, आज हा कागद आणायचा होता का? मग दार लावलं आणि विचारलं, सिस्टिमवर ढकलू का, मी सही करते. बाई चांगल्या आहेत. मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, खलास, मग मला वर पाठवावा लागेल. पाठवा म्हटलं.

रिपोर्टात एक रकाना उरला होता : ज्याच्या बाबतीत चूक झाली त्याची माहिती आणि सही. तो घेऊन गेटवर गेलो. जामयांग बाकड्यावरच होता. त्याने सगळा वाचला, सावकाश, बोट फिरवत. मग पेन मागितलं. नाव लिहिलं. नंबर लिहिला. त्याखाली देश. या फॉर्मला यादी नाही, चांदणी नाही, नुसती रेघ आहे. त्या रेघेवर त्याने त्यांच्या लिपीत एक छोटा शब्द काढला आणि शेजारी मराठीत तिबेट लिहिलं.

"हे पहिलं काय आहे?"

"बोद. आमी आमच्या देशाले बोद म्हनतो. तिबेट तुमी म्हनता."

सात वर्षांत मला हे माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं.

मग त्याने सही केली. मी तिथेच बाकड्यावर कागद ठेवून 'दाखल' शिक्का मारला, तारीख टाकली, नंबर दिला. साडेनऊला त्याचा जुना पास चालू झाला आणि तो आत गेला. जाताना म्हणाला, "डबा हाय का आज?"

२१ नोव्हेंबर, गुरुवार

निकाल लागला. नोकरी राहिली. लेखी ताकीद, आणि डॉक्युमेंट कंट्रोलमधून उचलबांगडी. रविवारपासून उम्म सलाल मोहम्मदच्या गोडाउनला, जिथे बंद झालेल्या फायली ठेवतात. एकोणीस वर्षं ज्या थांब्यावर फक्त दहा मिनिटं थांबलो तिथे आता दिवसभर. राजश्री म्हणाली, "लवकर घरी याल, एवढं तरी झालं," आणि मग रडली. मलाही वाईट वाटलं. माझं टेबल होतं ते.

जामयांगचं असं ठरलं : काँट्रॅक्ट संपेपर्यंत जुना पास चालेल. नव्या सिस्टिममध्ये त्याच्यासाठी कुणी रकाना काढणार नाही. जानेवारीच्या अखेरीला काँट्रॅक्ट संपतं, पुढचं मिळणार नाही. म्हणजे मी त्याला दहा दिवसांऐवजी दहा आठवडे मिळवून दिले. याहून जास्त जमलं नाही. हे त्याला सांगताना माझी मान वर होत नव्हती. तो म्हणाला, "चालते जी. धान लावता येते मले."

१ डिसेंबर, रविवार

गोडाउनमध्ये पहिला आठवडा संपला. थंड आहे, शांत आहे, उंदीर नाहीत. बंद झालेले रिपोर्ट इथेच येतात. माझाही आज आला, बरोबर नंबरच्या फायलीत लावला. दहा वर्षं तो कुणाला फाडता येणार नाही. मॅनेजरला नाही, मलाही नाही.

दुपारी जामयांग बसमधून इथे उतरला. सुट्टी टाकून आला होता. बसला, इकडचं तिकडचं बोलला, मोनालीच्या परीक्षेचं विचारलं. मग जरा संकोचून म्हणाला, "भाऊ, त्या कागदाची कॉपी भेटते का?"

नियम असा की कागदावर ज्याचं नाव आहे त्याला प्रत देता येते. नाव आहे. मी प्रत काढली, सरळ आली नाही म्हणून दुसरी काढली, त्यावर 'मुळाबरहुकूम' शिक्का मारला, सही केली, तारीख घातली.

"कशाला हवी रे?"

"मायनं म्हनलं घेऊन ये. आजोबाच्या कागदाबाजूले लावते म्हने भिंतीले. एक अठ्ठेचाळीसचा, एक चोवीसचा. दोन्हीवर शिक्का हाय."

तो कागदाची घडी घालणार तेवढ्यात थांबवलं, पुठ्ठ्याचं फोल्डर दिलं. म्हटलं, घडीवर शाई उडते. आणि आईला सांग, ऊन येतं त्या भिंतीला लावायचा नाही.